पुसलेलं नाणं

"अहो, पुसू नका! आधी ते खाली ठेवा!"

दारातून आत आलेला तरुण जागच्या जागी थिजला. नाणं चांगलं दिसावं म्हणून बिचारा ते रुमालाने घासत होता. मामांच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात पारख करणाऱ्या भाचीच्या लेखी याहून मोठं पाप नव्हतं.

"त्यावरची काळसर झाक गेली की संग्राहक ढुंकूनही बघत नाहीत," ती म्हणाली.

"तुम्हाला ओरडायला ठेवलंय का इथे?"

"पारखायला. ओरडणं फुकट…"

तो हसला, आणि तिने घाईघाईने भिंग डोळ्याला लावलं. झिजलेल्या नाण्यावर एका लोकप्रिय विनोदी नटाचा चेहरा हाताने कोरलेला होता. ओठ असे, की आता काहीतरी चावट बोलेल! ती रागावायचंच विसरली.

तो बक्षिसांच्या कपांवर नावं कोरायचा, आणि फावल्या वेळात अशी नाणी. मामांनी त्याचं नाव कोरक्या ठेवलं. नट हातोहात विकला गेला, पाठोपाठ एक नामांकित खलनायकही. मग मामांनी मोठ्या लिलावासाठी सगळ्यांच्या लाडक्या गायिकेचं नाणं मागितलं. ते चाललं, तर कोरक्या कपांचं काम सोडून हेच करणार होता. नाहीतर जन्मभर कप होतेच.

काम दाखवायच्या निमित्ताने तो रोज येऊन तिच्यासमोर बसायचा, कोरायचा. तो यायच्या आधीच ती दुसरा कप चहा ओतून ठेवायची… उगाच आपली!

नाणं पुरं झालं. तिने भिंगातून केस पाहिले, भुवई पाहिली, गालावरची खळी पाहिली. सगळं सुबक होतं. पण गायिकेला खळी कुठे होती?

"ही ती नाही," ती हळूच म्हणाली. "चेहरा बघताक्षणी ओळखू आला नाही, तर या नाण्याला किंमत नाही. लिलावात… नाही घेता येणार."

कोरक्याचे कान लाल झाले.

मामा वाकून बघायला आले आणि खो-खो हसत सुटले. "अगं शहाणे, भिंग ठेव खाली! नाणं हातभर लांब धर. आणि मग समोरच्या काचेत बघ." एवढं बोलून ते चष्मा शोधायला आत गेले. चष्मा नाकावरच होता.

तिने नाणं लांब धरलं. कपाटाच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. तीच खळी, तीच आठी पडलेली भुवई…

"मी गायिकाच कोरत होतो," तो चाचरत म्हणाला. "खरंच. पण समोर तुम्ही… हात ऐकेना."

तिला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही. हा माणूस तिला आवडत होता, कधीपासूनच.

"लिलावाला आठवडा आहे. गायिका पुन्हा कोर. माझ्याकडे पाठ करून बस."

'कोरा' नव्हे, 'कोर' ऐकून त्याचा चेहरा उजळला. "आणि… हे नाणं? कोणी संग्राहक…"

तिने त्याच्या खिशातला रुमाल ओढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत नाणं खसाखसा घासलं. काळसर झाक पार निघून गेली.

"अगं! आता कोण घेईल ते?"

"कोणी नाही," ती म्हणाली आणि नाणं मुठीत घट्ट मिटून घेतलं. "म्हणूनच पुसलं."