सातवा चिंचोका

माझी बायको झोहरा गेली त्याला सत्तावीस दिवस झाले होते. चौक गावातल्या माझ्या गॅरेजात मी एका टेंपोचा क्लच बसवत होतो, तेव्हा फुरकान वकिलाचा फोन आला.

"याकूबचाचा, उद्या दुपारी खालापूरला या. प्रतिष्ठानची नवीन घटना वाचायचीय. चाचीच्या जागी तुमची सही लागेल."

मी हो म्हणालो आणि क्लच बसवला.

खालापूरचं आमचं विधी साहाय्य प्रतिष्ठान कोर्टाजवळ दोन खोल्यांत चालतं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी ते आहे. झोहरा त्याच्या संस्थापकांपैकी एक. प्रतिष्ठान शासनाच्या एका छोट्या कायद्यानं उभं राहिलं, म्हणून त्याची घटना, म्हणजे नियमावली, बदलायची तर विधिमंडळातच बदलते. गेल्या अधिवेशनात ती बदलली. सदस्यांनी ती वाचनाच्याच दिवशी स्वीकारून पाच वाजेपर्यंत तहसीलदाराकडं कळवायचं होतं. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून आमच्या वकिलांना कोर्टात उभं राहता आलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी कोंडी नावाच्या आमच्या एका पक्षकार बाईची तारीख होती. डोंगराखालच्या वाडीतलं तिचं घर पाडायची नोटीस निघाली होती.

आमच्याकडं कागद वाचायची एक पद्धत आहे. ती झोहरानं घातली. न वाचता अंगठा दिल्यामुळं जमिनी गेलेली माणसं तिनं खूप पाहिली होती. एक जण कलम वाचतो. प्रत्येक ऐकणाऱ्यानं "कळलं" म्हणायचं. आवाज मोजणारी बायजा मावशी भिंतीकडं तोंड करून बसते, कारण ती बघत असली की माणसं लाजून खोटं बोलतात. प्रत्येक आवाजाला ती एक चिंचोका ठेवते. एक जरी आवाज कमी पडला तर पुढचं कलम वाचायचं नाही. न कळलेल्याला समजावायचं, मग पुढं.

त्या दिवशी ऐकायला, फुरकान आणि बायजा सोडून, आम्ही सहा जण होतो. फुरकाननं पहिलं कलम वाचलं.

बायजासमोर सात चिंचोके.

"मावशी, सात कसे?"

"सात आवाज आलं म्हनून."

"मी दोनदा बोललो आसंन," आमच्यातला नामा म्हणाला. "आमची बायको म्हंतेच, ह्यांना येक गोष्ट दोनदा सांगायची खोड हाय."

सगळे हसले. दुसऱ्या कलमाला नामानं एकदा "कळलं" म्हटलं आणि तोंडावर हात धरला. तरी सात आले. तिसऱ्याला फुरकाननं वाचून झाल्यावर प्रत्येकाच्या ओठांकडं बघितलं. सहा जणांचे ओठ हलले. बायजानं सातवा ठेवला.

त्यानंतर कुणी हसलं नाही, कुणी विचारलंही नाही. वाचन चालू राहिलं. माझ्या उजव्या हाताला बाकावर एका माणसाची जागा मोकळी होती. दाटीनं बसलो होतो तरी तिथं कुणी सरकलं नव्हतं. पंखा चालू होता. कोर्टाच्या आवारात कुणाच्या तरी नावाचा पुकारा होत होता. दहा कलमं झाली. दहाही वेळा सात.

अकरावं कलम सदस्यत्वाचं होतं. जुन्या घटनेत संस्थापकाचं नाव कधीच निघत नसे. नव्या घटनेत लिहिलं होतं की सदस्य मरण पावल्यास त्याचं सदस्यत्व त्याच दिवशी संपेल, आणि तसं त्याच्या जोडीदारानं लिहून द्यावं.

आम्ही "कळलं" म्हणालो.

बायजानं सहा चिंचोके ठेवले. सातवा तिच्या बोटांत राहिला.

"येक बाकी हाय," ती म्हणाली.

"मावशी, माणसंच सहा आहेत."

"धा कलमं सात जनांनी ऐकलीत, फुरकान. आता सहावर म्होरं कशी जाऊ? ह्यो नेम कुनी घातला?"

फुरकाननं कलम पुन्हा वाचलं. मग सोपं करून सांगितलं. सहा. तिसऱ्यांदा सांगितलं. सहा. साडेतीन वाजून गेले होते. तहसीलला पोचायचं होतं.

नामा माझ्याकडं न बघता बोलला. "याकूबभाय, तुमी सांगून बगा. तुमचं ऐकंल."

कुणाचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

मी मोकळ्या जागेकडं वळलो. मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. सत्तावीस दिवस तसंच होतं.

"झोहरा, तुला ताप आला होता. आपण पनवेलच्या दवाखान्यात गेलो. चौथ्या दिवशी सकाळी सहाला तू गेलीस."

पंखा फिरत होता.

"दुपारी आपल्या कबरस्तानात नेलं. मी तीन मुठी माती टाकली. तू आता नाहीस."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लोकांनी बघितलं होतं, सांगावं लागलं नव्हतं.

मला काही ऐकू आलं नाही.

बायजानं सातवा चिंचोका ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. पुढच्या सगळ्या कलमांना सहाच आले. मी लिहून दिलं, सही केली. फुरकान मोटारसायकलवरून तहसीलला गेला. कागद वेळेत पोचले. दुसऱ्या दिवशी कोंडीचं घर वाचलं, निदान पुढच्या तारखेपर्यंत.

वाचनाच्या त्या संध्याकाळी मी रिक्षानं चौकला आलो. घराचं कुलूप काढत होतो, तेव्हा समोरच्या खोलीतली रिया बाहेर आली. रसायनीला कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. आठ दिवसांपूर्वीच राहायला आली होती. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो.

"काका, काकू बऱ्या आहेत ना?"

"कोण काकू?"

"तुमच्या घरातल्या. मी पाळीवरून येते तेव्हा रोज खिडकीत असतात. माझ्याकडं बघून हसतात. आज पावणेचारला बाहेर पडल्या, अनवाणीच. कबरस्तानाच्या रस्त्याला लागल्या. मी विचारलं, कुठं निघालात?"

चावी कुलपात तशीच होती.

"मग?"

"म्हणाल्या, मला आजच सांगितलं त्यांनी."