त्रिनिदादहून ट्रंककॉल

"हात सैल सोडा. सैल... अहो, सैल म्हणजे सैल!"

"सोडलाय की."

"हा सैल? नुसतं लाकूड आहे."

आयडाने सुई उजेडात वर धरली, आणि समोरच्या स्टुलावर बसलेल्या त्या उंच, सावळ्या तरुणाने डोळे असे काही गच्च मिटून घेतले, की तिला हसू आवरेना. एवढा मोठा गडी, आणि लहान मुलासारखा ओठ चावून बसलेला!

साल त्र्याहत्तर, जानेवारी महिना. चकाल्याच्या नाक्यावर डॉक्टर युस्टेस यांचा दवाखाना होता आणि आयडा तिथे नर्स होती. डॉक्टर त्या भागातल्या सेवा क्लबचे सेक्रेटरीही होते. क्लबने त्या वर्षी पाच निरनिराळ्या धंद्यांतली पाच तरुण मुलं निवडली होती. ती वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर जाणार, तिथल्या माणसांच्या घरी राहणार, तिथलं काम बघणार, आपलं सांगणार. जाण्याआधी कॉलऱ्याची लस टोचून घेणं भाग होतं. म्हणून हा रतन स्टुलावर बसला होता. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो हत्यारं आणि साचे बनवायचा.

"तिकडे जाऊन काय काय करणार?" त्याचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तिने विचारलं.

"दिवसा कारखाने बघायचे. ते बरं आहे. पण संध्याकाळी..." त्याने सुस्कारा सोडला. "संध्याकाळी स्टेजवर आपली संस्कृती दाखवायची. एक जण भावगीत म्हणतो, एक बासरी वाजवतो, एक शीर्षासन करतो. मला काहीच येत नाही."

"टाळ्या वाजवता येतात?"

"येतात."

"मग काहीतरी जमेल. उठा आता."

"म्हणजे? टोचलं?"

"केव्हाच."

त्याने दंडाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, आणि दंडापेक्षा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. आयडा उगाचच कापसाचा डबा बंद करायला वळली. तो बंदच होता.

दुसरा डोस पुढच्या गुरुवारी होता. रतन बुधवारीच दारात हजर!

"तुमची सुई उद्या आहे," आयडा म्हणाली.

"माहीत आहे. म्हटलं, उद्या विसरलो तर..."

तिने हसू दाबलं. "स्टेजवर दाखवायला काहीतरी हवंय ना? घुमट ऐकलंय कधी?"

घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं ताणलेलं. आयडाच्या ईस्ट इंडियन लोकांत, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांत, त्यावाचून लग्नाची गाणी होत नाहीत. गोराईला तिची आत्या कॉन्सेप्टा राहायची, तिच्याकडे घुमटही होतं आणि गाणीही होती. डॉक्टरांनीच आयडाच्या बाबांना सांगितलं, "क्लबचं काम आहे, इग्नेशियस. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की पोरीला जाऊ दे." इग्नेशियस फिल्म स्टुडिओत सुतार होता. बोलायला कमी, पण ऐकायला तिखट. "क्लबचं काम..." एवढंच तो पुटपुटला.

बोरिवलीहून खाडीपर्यंत, आणि तिथून होडीने पलीकडे. पाण्यावर कोवळं ऊन होतं, तिवरांच्या मुळांशी बगळे उभे होते. वारा सुटला आणि आयडाच्या केसांची बट सुटून रतनच्या खांद्याला लागत राहिली. दोघांनाही ते कळत होतं. दोघांपैकी कुणीच सरकून बसलं नाही.

आत्या दारातच बसली होती. तिने रतनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कोनचा रं तू?"

"मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आता पार्ल्याला राहतो," रतन म्हणाला, आणि मान जराही न झुकवता पुढे म्हणाला, "आम्ही बौद्ध."

आयडाने श्वास रोखला. आत्याने पदराला हात पुसले. "मासळी चालते का?"

"पळते!"

आत्या खदखदून हसली, आणि बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि फुगे म्हणतात ते गरम, तळलेले गोल पाव यांच्या साक्षीने तो त्या घरात बसला. जेवण झाल्यावर घुमट निघालं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हळद लावताना म्हणायचं गाणं होतं. आई लेकीला सांगते, आता तुझ्या वाटा खाडीपलीकडे गेल्या. आयडा गात होती आणि रतनचा हात चुकत होता.

"बोटं, बोटं वापरा! हे काय, हातोडा मारताय?"

"मला हातोड्याचीच सवय आहे ना."

तिने त्याची बोटं धरून कातड्यावर ठेवली. एक... दोन... आणि मग ठेका बरोबर बसला, तरी तिचा हात तिथेच राहिला. आत्या भिंतीकडे तोंड करून पान जुळवत बसली. म्हाताऱ्या माणसांना कधी काय दिसू नये ते बरोबर कळतं.

परतीच्या होडीत रतनच्या मांडीवर घुमट होतं.

"मी परत आलो ना, की..." त्याने सुरुवात केली.

"की काय?"

त्याने घुमटाच्या कातड्यावरून बोट फिरवलं. "की... घुमट परत करीन."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? नीट पुसून, कागदात गुंडाळून देईन!"

"माझ्या आत्याला द्या. मला काय करायचंय?" ती फणकारली. आणि मग दोघंही हसत सुटली. त्या होडीतून उतरताना 'तुम्ही' कधी पाण्यात पडलं आणि 'तू' कधी काठावर आलं, कुणालाच कळलं नाही.

फेब्रुवारीत मंडळी निघाली. सांताक्रूझच्या विमानतळावर क्लबची ही गर्दी. हार, फोटो, टोळीचे पुढारी भाऊराव यांचं भाषण. रतन नव्या कोटात अवघडून उभा होता. गर्दीतून वाट काढत तो आयडापाशी आला.

"आयडा, एक सांगायचं होतं..."

"सांग ना."

"रतन! फोटो!" भाऊरावांनी हाक मारली. कुणीतरी त्याला दंडाला धरून ओढलं. काचेच्या दारातून आत जाताना त्याने मागे वळून बघितलं. तोंड हललं, पण काचेपलीकडचं काय ऐकू येणार?

आणि मग सुरू झाले ते रिकामे दिवस.

चकाल्याच्या गावठाणावरून विमानं सदा जायची. आयडा जन्मापासून तो आवाज ऐकत आली होती, कधी मान वर केली नव्हती. आता चुलीवर दूध असो की हातात थर्मामीटर असो, घरघर आली की तिची नजर आपोआप वर जायची. जाणारं कुठलं आणि येणारं कुठलं, तेही ती ओळखायला लागली. दवाखान्यात स्टुलावर कुणी उंच माणूस बसला की उगाच काळजात लकलकायचं... आणि तो माणूस रतन नाही म्हणून तिला त्याचाच राग यायचा. बिचाऱ्या एका पोस्टमनला तिने त्या रागात इतकी जोरात सुई टोचली की तो पुन्हा आलाच नाही.

रतनचं एक चित्रांचं कार्ड आलं. उघडं कार्ड, त्यामुळे तिच्या हाती पडेपर्यंत निम्म्या गावठाणाने वाचलेलं. 'प्रकृती ठीक. इथे तेलाची पिंपं ठोकून वाद्य बनवतात, फार बारीक काम. माणसांची नावं राम, सीता, पण आपली भाषा कुणाला येत नाही. गाणं लोकांना आवडलं. सर्वांना नमस्कार.' आयडाने ते शंभरदा वाचलं. सर्वांना नमस्कार! सर्वांना! तिला त्या सर्वांचा हेवा वाटला.

"काय लिहितो तो?" बाबांनी विचारलं.

"प्रकृती ठीक आहे म्हणतो."

"हं. तुझी दिसत नाही."

तिने कार्ड पालथं ठेवलं. बाबांच्या मनात काय आहे, तिला माहीत होतं. पोरगा आपल्यातला नाही. चर्चमध्ये लोक विचारतील, पंगतीत विचारतील. आणि तिला तरी कुठे कुणी काही विचारलं होतं? जे शब्दांत आलंच नाही, त्याच्यासाठी बाबांशी भांडायचं तरी कसं?

एप्रिल उजाडला. मंडळी परतायची वेळ जवळ आली. एका संध्याकाळी दवाखान्यात बाकं भरलेली, आणि फोनची लांबच लांब घंटा वाजली. परदेशचा ट्रंककॉल! भाऊराव परतीची खबर देणार होते, म्हणून डॉक्टरांनी धावत रिसीव्हर उचलला. "हॅलो, भाऊराव? ...कोण?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आयडा, तुझ्यासाठी."

रिसीव्हरमध्ये खरखर होती, आणि त्या खरखरीच्या तळाशी तो आवाज.

"आयडा? ऐकू येतंय का?"

"येतंय! बोल!"

"जोरात बोल, आवाज तुटतोय! ऐक, इथल्या तंत्रशाळेत मला नोकरी देतायत. शिकवायची. दोन वर्षं. आज हो की नाही सांगायचंय!"

आयडाने टेबलाचा कोपरा धरला. "छान आहे!"

"काय?"

"छान आहे म्हटलं!"

"छान काय डोंबल! अगं, मला तू आवडतेस! विमानतळावर तेच सांगत होतो! ऐकलंस का? मला तू आवडतेस!"

तो इतक्या जोरात ओरडत होता की पहिल्या बाकावरच्या जानकीबाईंनाही ऐकू आलं. त्यांचा आठवड्याचा खोकला तिथल्या तिथे थांबला. सगळा दवाखाना कान टवकारून बसला.

"आता सांग," तो म्हणाला, "मी राहू की येऊ?"

एका शब्दाचं उत्तर. पण त्या एका शब्दात काय नव्हतं? रात्रशाळेत शिकून, लेथवर हात काळे करून वर आलेला हा मुलगा. त्याला कुणी 'मास्तर' म्हणून खुर्ची देतंय. उद्या आपल्यामुळे त्याने ती सोडली, तर जन्मभर ते आपल्याच माथी. आणि इथे बाबा, गावठाण, चर्च... त्याला बोलवायचं ते कशाच्या भरवशावर?

"राहा!" ती ओरडली.

"काय? ऐकू नाही आलं!"

"राहा म्हटलं! राहा!" तिसऱ्या वेळी तिचा आवाज चिरला.

पलीकडे काहीतरी खाडकन वाजलं आणि नुसती घूं घूं उरली. शंख कानाला लावल्यासारखी. लाइन गेली होती. आयडाला रिसीव्हर खाली ठेववेना. भिंतीकडे तोंड करून, स्वतःशीच बोलावं तसं, ती त्या घूं घूं मध्ये म्हणाली, "ये ना रे... नको राहू. ये."

मग तिने रिसीव्हर ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ती घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. बाबांनी ताट वाढून ठेवलं होतं. ती भाताची शितं बोटांनी इकडची तिकडे करत राहिली.

"राहा म्हटलंस ना त्याला?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग जेवत का नाहीस?"

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. ती ताटावरच हुंदके देऊन रडली. आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. इग्नेशियसने उठून तिच्या डोक्यावर आपला खडबडीत हात ठेवला. "शिकवायला लावतायत म्हणजे कारागीर बरा असणार," तो म्हणाला. सुताराच्या तोंडून याहून मोठी तारीफ निघत नाही.

मंडळींच्या स्वागताला जायचं आयडाच्या मनात नव्हतं. पण हार आणायचं काम डॉक्टरांनी तिच्यावरच टाकलं होतं. "मी येतो बरोबर," बाबा म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघालेही.

विमान उतरलं. कठड्यापाशी गर्दी झाली. भाऊराव बाहेर आले, उन्हाने लाल झालेले. मग भावगीतवाला. बासरीवाला. शीर्षासनवाला. चौथा तरुण, एक दातांचा डॉक्टर, तोही आला. हार पडले, टाळ्या वाजल्या, मिठ्या झाल्या. नाही, बरोबरच आहे, आयडाने मनाला समजावलं. तूच तर राहा म्हणालीस. तिच्या हातात एक हार उरला होता. फुलवाल्याने सवयीने सगळ्यांचे दिले होते.

ती वळली.

"अहो, थांबवून ठेवलं मला!" मागून आवाज आला. "ते कस्टमवाले विचारतात, हे पिंप कशाला आणलंस?"

रतन होता. काखेत एक चकचकीत, ठोकलेलं पिंप, कोट चुरगळलेला, केस विस्कटलेले. तो सरळ तिच्यासमोर येऊन कठड्यापाशी थांबला.

"मी राहा म्हटलं होतं," आयडा म्हणाली.

"म्हटलं होतंस. तीनदा."

"मग?"

"मग लाइन गेली असं तुला वाटलं. मला मात्र तुझा आवाज येत होता." त्याने पिंप दुसऱ्या काखेत घेतलं. "चौथ्यांदा तू हळू बोललीस ना... तेच सगळ्यात स्पष्ट ऐकू आलं."

आयडाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "आणि नोकरी? वेडा आहेस का तू?"

"त्यांनी विचारलं, 'नाही' का म्हणतोस? मला काही बोलता येईना. भाऊरावांनीच सांगितलं त्यांना, याला घरून बोलावणं आलंय."

घरून... तिने चटकन मागे बघितलं. बाबा दोन पावलांवर उभे होते. त्यांनी रतनला निरखलं, मग त्याच्या काखेतल्या पिंपाला. वाकून त्यावर बोटाने टकटक केलं. गोड, गोल नाद निघाला.

"काम चोख आहे," इग्नेशियस म्हणाला. मग घसा खाकरून, दुसरीकडेच बघत, "घरी घेऊन चल गं याला. विमानात कसलं जेवायला देतात!" आणि तो बसच्या दिशेने चालूही लागला.

कठड्याच्या दोन बाजूंना दोघं उरली. हार तिच्या हातात तसाच होता.

"आयडा," रतन म्हणाला, "ते जे हळू म्हणालीस ना... आता जरा मोठ्याने म्हण."

आजूबाजूला क्लबची माणसं होती, डॉक्टर होते, हमाल होते. सगळे बघत होते. बघू देत!

"ये," ती म्हणाली.