खुशालभाऊ खोलीत असेपर्यंत

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगते. माणसांवरही माझा फारसा भरवसा नाही. तरी हे माझ्याच घरात, भरदुपारी, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं.

मी नाजिया. राजुऱ्याला राहते. लोकांच्या जुन्या कॅसेटी, डिशच्या बॉक्समधले कार्यक्रम कम्प्युटरवर उतरवून देते.

डिशच्या बॉक्सचं एक दुखणं असतं. त्यात रेकॉर्ड केलेलं फक्त त्याच बॉक्सवर दिसतं. फाइल उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मग मागून वायरी काढून कम्प्युटरला जोडायच्या, कार्यक्रम चालू करायचा आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहायचं.

एप्रिल महिना होता. मंगळवार. दुपारचे दोन.

सुगंधाबाई आल्या. वीसेक किलोमीटरवरच्या गावच्या. सोबत त्यांचा दीर खुशाल, हातात पिशवीत बॉक्स.

बाईंचे मालक रामाजी दोन वर्षांपूर्वी शेतातल्या विहिरीत पडून गेले. त्या वेळी शेतात त्यांच्यासोबत खुशाल होता. पाय घसरला, तिसरं कोणी नव्हतं, असं त्यानेच गावाला सांगितलं.

जाण्याआधी रामाजी टीव्हीवर शेतीच्या कार्यक्रमात आले होते. घरच्यांनी तो रेकॉर्ड करून ठेवला. आता बॉक्स मरायला टेकला होता. चालता चालता अडकायचा.

"फोटो हायेत वं बाई घरी," सुगंधाबाई म्हणाल्या. "आवाज कुठीच नाई. मले त्यायचा आवाज पाहिजे."

मी वायरी जोडल्या. खुशाल खुर्ची ओढून माझ्या अगदी शेजारी बसला. मला ते आवडलं नाही. गिऱ्हाईक इतकं चिकटून बसलं की मला वास येतोच काहीतरी.

कार्यक्रम सुरू झाला. कपाशीची हिरवीगार पराटी, बांधावर उभे रामाजी, शेजारी माइक घेतलेली मुलगी.

तिने विचारलं, बोंडअळीसाठी काय केलं?

रामाजी...

गप्प.

वायर ढिली असेल म्हणून मी हलवून पाहिली. पण मुलीचा आवाज स्वच्छ येत होता. मागे पाखरं ओरडत होती, तीही ऐकू येत होती. ती प्रश्न विचारायची, थांबायची, मान डोलवायची, जणू उत्तर मिळालं.

रामाजींचे ओठ हललेच नाहीत.

ते तिच्याकडे बघतही नव्हते. ते बघत होते... माझ्या डाव्या हाताला.

तिथे खुशाल बसला होता.

त्याला घाम फुटला होता. खराब झालं असेल, सोडा, मिटवून टाका, असं तो म्हणाला. घाईघाईने. मग तंबाखूचा खर्रा आणतो म्हणून उठला आणि बाहेर गेला. माझा संशय तिथेच पक्का झाला. काय संशय, ते मात्र मला सांगता आलं नसतं.

मी कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून लावला.

आणि रामाजी बोलायला लागले.

मोकळा, जाडाभरडा आवाज. पराटीचं सांगत होते, पावसाचं सांगत होते, मध्येच हसत होते. सुगंधाबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या रडत रडत ऐकत राहिल्या. मलाही भरून आलं.

बारा मिनिटं झाली.

बाहेर चपला वाजल्या. दार लोटलं गेलं.

रामाजी अर्ध्या शब्दावर... थांबले. मान वळवून दाराकडे बघायला लागले.

खुशालने दोन ढांगांत येऊन बॉक्सची वायर उपटली. तो बॉक्स पुन्हा कधी सुरूच झाला नाही.

बाईंनी दिराकडे पाहिलंही नाही. मला हळूच विचारलं, "तो आत आला तवाच थांबले ना ते?"

मी हो म्हटलं. खोटं कसं बोलू?

मी बारा मिनिटांची फाइल पेन ड्राइव्हमध्ये टाकून दिली. बाई खुशालच्या गाडीवर बसल्या नाहीत. बसने थेट माहेरी गेल्या, मार्कंडा गावाकडे.

महिन्याने त्यांचा फोन आला. रोज ऐकते म्हणाल्या. फाइल बाराव्या मिनिटाला थांबतच नाही, पूर्ण कार्यक्रम होतो.

मी म्हटलं, शक्यच नाही. वायर तर माझ्यासमोर उपटली होती.

"खुशाल समजूत काढाले आला होता काल," त्या म्हणाल्या. "मी लावून ठेवलं होतं. तो उंबऱ्यात आला, हे गप. तो गेला, मंग पुन्हा बोलले."

फोन ठेवला आणि मी माझ्या कम्प्युटरवर राहिलेली फाइल उघडली.

खरंच. पूर्ण होती. रामाजी बारा मिनिटांच्या पुढे बोलतच होते. एकदा पाहिली, दोनदा पाहिली. भीती वाटली, पण जरा बरंही वाटलं. बाईंना त्यांचा माणूस मिळाला होता.

तिसऱ्यांदा पाहत असताना जहीर जेवायला घरी आला. जहीर माझा नवरा. गावोगाव डिश लावायला जातो.

तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

आणि रामाजी...

गप्प झाले.

माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले.

मी जहीरला पाणी आणायला आत पाठवलं. तो गेला. रामाजी बोलायला लागले. तो पेला घेऊन आला. रामाजी थांबले.

कोण आहे हा, असं जहीरने विचारलं. मी म्हटलं, असाच एक शेतकरी, कपाशीचं सांगतोय.

त्याने पेला ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं.

"त्या गावात मी कधी गेलोच नाई," तो म्हणाला.

मी गावाचं नाव घेतलं नव्हतं. पडद्यावरही ते कुठे नव्हतं. आणि शेतात तिसरं कोणी नव्हतं, हे खुशालचंच सांगणं होतं.

त्यानंतर तो शांतपणे जेवला. मी वाढलं. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झालीत. त्याला मी अजून काही विचारलेलं नाही.