शुभ-लाभ आणि अडलेली मोटर

काजल आणि रजत कोराडीच्या तलावावर सायकलनं जायचा बेत रंगवत होते. हर्षा मात्र रजतच्या ओट्यावर चिवड्याची वाटी धरून नुसती बसली होती. चिवड्याला चव नव्हती. दिवाळी आल्यापासून कशालाच नव्हती.

"काहून अशी मुकी झाली वं?" काजलनं विचारलं.

"आज संध्याकाळी मोटर बघायला पाहुणे येणार. मोटर फिरली नाही तर तुझे आबा आईची सगळी जोडणी काढून टाकतील. मग आई पण तिथं राहणार नाही."

हर्षानं हे इतकं सपाट आवाजात सांगितलं की तिचं तिलाच नवल वाटलं. रडू नाही, राग नाही, काहीच नाही.

काजलचे आबा म्हणजे रामाजी. नंदनवन वस्तीत त्यांचा मोटरींचा लहानसा कारखाना, आणि हर्षाची आई कामिनी तिथली इंजिनीयर. मोटरचा फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्याला वीज द्यायला कार्बनचे ब्रश घासत ठेवतात, आणि ते झिजून जातात. कामिनीनं ते ब्रशच हटवले. एक कॉइल स्थिर, तिच्यासमोर दुसरी रोटरवर, मध्ये बारीक फट. न शिवता वीज पलीकडे! मोटर झकास फिरायची. पण कामिनी लक्ष्मीपूजनाला खाप्याला माहेरी गेली आणि परत येऊन बघते तर मोटर ढिम्म. रामाजींनी खापर तिच्यावरच फोडलं. वर उघडूनही पाहू देईनात, कारण पूजा झालेलं मशीन दिवाळीनंतरच्या पांडवपंचमीपर्यंत उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. आता काय बोलावं अशा माणसाला?

"माझा फोन बी तसाच," रजत कुरकुरला. "मामाच्या बिनतारी चार्जरवर ठेवला तर चार्ज होत नाही, नुसता तापून राहिला."

हर्षानं फोन उलटा केला. पाठीवर चकचकीत 'शुभ-लाभ' चिकटवलेलं होतं. तिनं नखानं खरवडलं. चक्क धातूची पन्नी! ती सोलून फोन परत ठेवला, तर चार्जिंग सुरू.

"हे मीच देलं होतं त्याले," काजल म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "एक आबांनी बी नेलं. पूजेले."

तिघांनी सायकली काढल्या त्या थेट कारखान्यात.

"आबा, शुभ-लाभ कुठं लावलं?" हर्षानं विचारलं.

"मशीनच्या पोटात, कॉइलच्या तोंडावरच," रामाजी कौतुकानं म्हणाले. "झाकण मीच बसवलं."

कामिनीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पन्नी मध्ये आली की वीज पलीकडे जात नाही. पन्नीच तापते. उघडू द्या मला."

"पंचमीच्या आधी नाही."

"आबा," काजल हळूच म्हणाली, "शुभ-लाभ आत जळून राहिलं असंल. ते चालते तुम्हाले?"

रामाजींनी मशीनला हात जोडले. मग म्हणाले, "उघड, कामिनी."

कामिनीनं मेन स्विच पाडला आणि झाकण काढलं. जळक्या डिंकाचा वास आला. पन्नी काळी पडली होती. ती खरवडून, झाकण लावून स्विच चालू केला, आणि मोटर गुणगुणत फिरायला लागली.

"चूक माझी होती," रामाजी म्हणाले. "पाहुण्यांपुढं हेच सांगीन. आणि पोरांनो, तुम्ही होते म्हणून निभावलं गा. पुढच्या दिवाळीले शुभ-लाभ कुठं लावू, ते हर्षालेच विचारीन."

कामिनी लक्ष्मीपूजनानंतर पहिल्यांदाच हसली. तिनं डबा उघडून मुलांना चिवडा दिला. हर्षानं एक घास खाल्ला.

"आई, मीठ जास्त झालंय याच्यात," ती म्हणाली, आणि आईला मिठी मारून रडायला लागली.