न लावलेले गाणे

धनश्रीबरोबर मी त्या गावी गेलो तो केवळ बोललेले शब्द टिपून घेण्यासाठी. भाद्रपदातली कोरडी दुपार होती. करंजीचा घाट चढून आम्ही पाथर्डीच्या बाजूला उतरलो, तेव्हा मनात एवढाच विचार होता की परतायला अंधार पडू नये.

धनश्री माझी पुतणी. भिंगारला आमच्या शेजारीच राहते, नगरच्या महाविद्यालयात शिकते आणि 'काचघर' नावाच्या चार तरुणांच्या गानवृंदाची चाहती आहे. चाहती हा शब्द तिथे थिटा पडतो, पण दुसरा मला सापडलेला नाही. त्या वृंदाने श्रावणात सात गाण्यांच्या चित्रफितींचा संच प्रसिद्ध केला आणि तिच्यासारख्या हजारो मुलामुलींना दुसरा विषय उरला नाही. ही मुले गाणे नुसते पाहत नाहीत. ते प्रथम पाहताना आपला चेहरा कसा होतो, हे चित्रित करून ती एकमेकांना दाखवतात. त्यांची अट एकच, आणि ती कसोशीने पाळली जाते. गाणे आधी पाहिलेले नसावे. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा खोटे बोलतो, असे धनश्री म्हणते. ती खेड्यापाड्यांतल्या माणसांनाही गाणी दाखवते, त्यांचे चेहरे टिपते, आणि त्यांचे बोलणे खाली शुद्ध अक्षरांत लिहून देण्याचे काम, मी आयुष्यभर मराठी शिकवले म्हणून, माझ्याकडे येते.

या वेळची बाई मात्र वाटेत भेटलेली कुणी नव्हती. लंकाबाई सत्यशीलेची आई होती.

सत्यशीला ही धनश्रीची या गाण्यांपायी जडलेली मैत्रीण. दोघींची प्रत्यक्ष भेट एकदाच झाली होती, पण काचघरचे प्रत्येक नवे गाणे त्या बरोबरच पाहत. ही भिंगारला, ती डोंगरापलीकडे किंवा ऊसतोडीच्या दिवसांत कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर. फोनवर तीन अंक मोजायचे आणि एकाच क्षणी गाणे सुरू करायचे. एकीने दुसरीच्या आधी पाहायचे नाही, असा त्यांचा करार होता. गेल्या पौषात उसाच्या फडात सत्यशीलेला पान लागले, म्हणजे साप चावला. दवाखाना गाठेपर्यंत ती राहिली नाही. सात गाण्यांचा संच येणार हे तेव्हा नुकतेच जाहीर झाले होते.

पुढचे तिच्या वडिलांनी, सूर्यभानांनी, अंगणात वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगा बाजूला सारीत मला सांगितले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेताचे नाव घेतले, वसतिगृहात असलेल्या धाकट्या भावाच्या शिक्षणाचे नाव घेतले, मुलीच्या आवडीचा पदार्थ ठेवला. कावळे झाडावर बसून नुसते पाहत राहिले. ऊन कलू लागले तेव्हा लंकाबाई पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली की तुझी गाणी आली की मी तुला दाखवीन. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच कावळा उतरला.

म्हणून आम्ही तिथे होतो. आईने शब्द दिला होता, आणि आईला गाणी कशी लावतात हे ठाऊक नव्हते.

खोली पत्र्याची होती. तापलेल्या पत्र्याचा आणि शेंगांच्या धुळीचा वास आत दाटला होता. लंकाबाई भिंतीला टेकून बसली. तिच्या डाव्या हाताला एक गोधडी दुमडून अंथरलेली दिसली, म्हणून मी तिकडे वळलो.

"तिथं नगा, गुरुजी," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "हिकडं बसा."

मी दाराशी बसलो. धनश्रीने गाणी असलेला फोन एका पालथ्या डब्यावर उभा केला. दुसरा, चेहरा टिपणारा, समोर तिकाटण्यावर लावला. त्यानंतर तिने एक टाळी वाजवली. नंतर दोन्ही चित्रणे जुळवताना त्या टाळीचा आधार होतो.

पहिले गाणे सुरू झाले. लंकाबाईने काही क्षण पडद्याकडे पाहिले. मग तिची नजर हळूहळू डावीकडे सरकली, गोधडीवर, बसलेल्या माणसाचे तोंड जिथे येईल तितक्या उंचीवर, आणि तिथेच थांबली. गाण्यातली मुले नाचत होती, रंग उधळत होती. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती हसत होती, पण गमतीची जागा निघून गेल्यावर किंचित उशिरा. दुसऱ्याला हसताना पाहून आपण हसतो, तशी.

तिसऱ्या गाण्यात सतार घेतलेला एक लांब नाकाचा मुलगा आला.

"ह्योच का गं तुमचा उंदीरमामा?" तिने विचारले.

प्रश्न धनश्रीला नव्हता. ती पुन्हा गोधडीकडे पाहत होती. थोडी थांबली, मान डोलावली आणि म्हणाली, "आसं व्हय. मला वाटलं, तो दुसरा."

मी धनश्रीकडे पाहिले. ती गोधडीपासून हातभर अंतरावर उभी राहून लंकाबाईकडे पाहत होती.

सहावे गाणे संपले. पुढचे आपोआप सुरू होण्याच्या आत लंकाबाईने डब्यावरचा फोन उचलून बंद केला आणि मांडीत पालथा घातला. एवढे तिला कुणी शिकवले, कोण जाणे.

"आज एवढंच," ती म्हणाली.

आम्ही आग्रह धरला नाही. धनश्रीने संच लंकाबाईच्या फोनमध्ये उतरवून दिला, लावायचा कसा ते दाखवले आणि आम्ही निघालो. घाटात तिने गाडी थांबवली. उंदीरमामा हे नाव सत्यशीलेने आणि मी ठेवलेले, आम्हा दोघींचेच होते, असे ती म्हणाली. मुलीने घरी सांगितले असेल, असे मी म्हटले.

"नाही काका. तीच म्हणायची, आईला यातलं काही कळलं तर फोन चुलीत घालील."

मी हसलो. ती हसली नाही.

दोन दिवसांनी मी लिहायला बसलो. कानाला यंत्र लावून एकेक वाक्य ऐकत होतो. लंकाबाईचे बोलणे स्पष्ट होते, पण तिच्या वाक्यांच्या मधल्या जागांत काहीतरी चमत्कारिक घडत होते. ती प्रश्न विचारून थांबली की गाणेही थांबे. थांबे म्हणजे बुडे. खोलीतल्या पंख्याची घरघर, बाहेरच्या कोंबड्या, गाणे, सगळे एकदम पाण्याखाली गेल्यासारखे होई, आणि तिचे पुढचे बोलणे आटोपले की वर येई. मी धनश्रीला बोलावले. तिने दोनदा ऐकले आणि सहजपणे सांगितले की यात बिघाड काही नाही. जवळ कोणी बोलू लागले की हे फोन बाकीचे आवाज आपोआप दाबून टाकतात, म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द नीट...

तिथे ती थांबली.

आम्ही दोघेही त्या शांततेकडे कान देऊन बसलो. तीत शब्द नव्हता, श्वास नव्हता. फक्त तिची लांबी दर वेळी वेगळी होती. कधी होकाराएवढी, कधी एखादी हकिकत सांगावी एवढी.

धनश्रीने त्या जागा कापल्या आणि सहा गाण्यांची चित्रफीत प्रसिद्ध केली. चाहत्यांनी ती डोक्यावर घेतली. मुलीसाठी गाणी पाहणारी आई पाहून कुणी रडले, कुणी आपल्या आईला शेजारी बसवून ती चित्रफीत पाहिली आणि त्या पाहण्याचीही चित्रफीत केली. लातूर, नाशिक, दुबई, कुठून कुठून मजकूर येत होता, आणि बहुतेकांच्या शेवटी एकच मागणी होती. सातवे गाणे कधी? कुणी लिहिले की सातवे या संचातले सर्वांत सुंदर आहे, निरोपाचे आहे, मावशींनी ते पाहायलाच हवे. धनश्री हे सारे वाचून फोन बाजूला ठेवी. तिने स्वतः सातवे पाहिले नव्हते. पहिली सहा तिने लंकाबाईच्या खोलीतच प्रथम पाहिली होती, गोधडीपासून हातभर अंतरावर उभी राहून.

दसरा झाला आणि सूर्यभानांचा फोन आला. ऊसतोडीची टोळी निघायची होती. लंकाबाई घर सोडायला तयार नव्हती, आणि एकट्या गड्याला टोळीत कुणी घेत नाही. दिवसभर ती फोन लावून बसते, सहावे गाणे संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, स्वतः जेवायला बसताना दोन ताटे वाढून घेते, असे ते सांगत होते. तुम्ही येऊन तेवढे सातवे लावा, म्हणजे शब्द पुरा होईल, पोरगी सुटेल आणि बाईही सुटेल, असे त्यांचे म्हणणे. आवाजात काकुळती होती.

आम्ही गेलो. लंकाबाई त्याच जागी होती. मी माझ्या परीने समजावले. दिलेला शब्द पुरा केल्याविना गेलेल्याला पुढची वाट मिळत नाही, हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक होते. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले.

"दावीन म्हनले हुते," ती म्हणाली. "दावतीय की. कवा संपवीन, आसं कुटं म्हनले?"

सूर्यभान दारात उभे होते, ते तिथेच खाली बसले.

मग धनश्री पुढे झाली. ती लंकाबाईसमोर गुडघ्यांवर बसली, तिच्या मांडीतला फोन घेतला, आणि लंकाबाईने तो घेऊ दिला. पडद्यावर सातव्या गाण्याचे चित्र होते. रिकाम्या फलाटावर पाठमोरे उभे असलेले चौघे. धनश्रीचा अंगठा त्यावर येऊन थांबला.

"तू पाह्यलं का गं सातवं?" लंकाबाईने विचारले.

धनश्रीने नकारार्थी मान हलवली.

"का न्हाई पाह्यलं?"

 धनश्रीने एकदा, एकदाच, गोधडीकडे पाहिले. नंतर फोन लंकाबाईच्या हातात परत दिला आणि तोंडावर ओढणी घेऊन रडू लागली. लंकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली. मी दाराशी बसून ते पाहत होतो. हात फिरत होता तो उजवा. डावा गोधडीवर होता, आणि तोही त्याच लयीत थोपटत होता.

थोड्या वेळाने लंकाबाई उठली, कोपऱ्यातली भांडी एका पोत्यात भरू लागली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. गाडी कवा हाय? तीबी येती म्हनती."

त्यानंतर कार्तिक सरला, मार्गशीर्ष लागला. आमच्याकडे काही कळले नाही. चाहत्यांची मागणी हळूहळू थंडावली, काचघरचे पुढचे काहीतरी जाहीर झाले, लोक तिकडे वळले. धनश्री वळली नाही. सातवे गाणे तिच्या फोनमध्ये तसेच होते. मी तिला एकदा म्हटले की तू एकटीने तरी पाहा, कदाचित तेवढ्यानेही त्या मुलीची सुटका होईल. ती म्हणाली, पाहीन. तिने रविवार ठरवला. मी सोबत बसावे अशी तिची इच्छा होती.

त्या रविवारी सकाळी, आम्ही फोन समोर ठेवून बसलो असतानाच, सूर्यभानांचे नाव पडद्यावर उमटले. धनश्रीने आवाज मोठा केला. पलीकडे वारा होता आणि उसाच्या पाचटाची सळसळ ऐकू येत होती. सूर्यभान फार हळू बोलत होते, इतके की प्रथम मला ते आजारी वाटले.

त्यांनी आमची खुशाली विचारली, आणि मग म्हणाले, "गुरुजी, ते सातव्याचं... राहू द्या. पोरीलाबी सांगा, लावू नगं."

मी कारण विचारले. त्यांनी सांगितले ते मी त्यांच्याच क्रमाने सांगतो. त्यांच्या कामात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. हाताशी वाढते मूल असले तर दीड. यंदा त्यांची जोडी सर्वांच्या आधी फड मोकळा करते. ते पहाटे कामाला लागतात तेव्हा एका बाजूच्या मोळ्या बांधून ठेवलेल्या असतात, आवळून, नीट. लंकाबाई गाणी लावते, हसते, जेवते. सुरुवातीला मला भ्या वाटले, ते म्हणाले, आता वाटत नाही. आता घर भरल्यासारखे आहे.

"आणि इतकं हळू का बोलताय?" मी विचारले.

"आत्ता कुटं डोळा लागलाय तिचा."

लंकाबाईचा का, असे विचारायला मी तोंड उघडले, तोच फोनमधून लंकाबाईचा आवाज आला. ती दूर कुणाला तरी हाक मारून पाणी मागत होती.

 मी आवाज शक्य तितका स्थिर ठेवून म्हणालो की सूर्यभान, हे बरे नाही, त्या मुलीला जाऊ द्या.

पलीकडे पाचट सळसळत राहिले.

"मुकादमबी त्येच म्हनला काल," सूर्यभान अखेर म्हणाले. "म्हनला, दीड कोयता लावतो, पन पोरीला चार दिस इसावा द्या. लई वाळलीय, म्हनला. उबी राहून झोपती."

"मुकादमाला... ती दिसते?"

 सूर्यभानांचा आवाज आणखी खाली आला.

"त्यो औंदा नवा हाय, गुरुजी. त्याला कुनी सांगितलेलं न्हाई."