बाळसं

घाबरणाऱ्यांनी आत्ताच घरी जावं, मागाहून मी कुणाला सोडायला येणार नाही. आणि ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या महिपतच्या बाबतीत घडलेली आहे. खोटं वाटत असेल तर उद्या नाक्यावर त्यालाच विचारा, रिक्षा घेऊन उभा असतो.

गेल्या वर्षी गौरी-गणपती गेले, तो दिवस. संध्याकाळी महिपत मुलाला, निलेशला, मुंबईच्या गाडीवर सोडून आला. घरी उरले तो, सून दर्शना आणि दीड वर्षाची नात सानवी. दर्शनाचं दूध लवकर आटलं होतं, पोर नुसत्या पेजेच्या पाण्यावर वाढत होती. पण गाल कसे टम्म! सणाला आलेल्या प्रत्येक चाकरमान्यानं ते ओढले. "बाळसं धरलंन हो पोरीनं!"

दर्शना एकदा भीत भीत म्हणाली होती, "बाबा, हिचे पाय सुजल्यावानी वाटतात."

महिपतनं तिलाच झापलं. "आयशीचीच दृष्ट पयली लागते गो!"

त्या दिवशी सकाळपासून पोरीला जुलाब लागले होते. महिपतनं फर्मान काढलं, "पानी देव नको. पानी दिलं की आनकी व्हातंय." आपल्याकडे घरोघरी हेच चालत आलंय, तुमच्या आज्यांना विचारा. दिवसभर घोटभर पाणी नाही. रात्री साडेअकराला पोरीनं रडणंच सोडलं. डोळे खोल गेले. तेव्हा कुठे म्हातारा हबकला आणि त्यानं रिक्षा काढली.

दवाखान्याचा रस्ता सड्यावरून जातो. उघडा कातळ, घर नाही, दिवा नाही. डाव्या अंगाला गावची तान्ही पोरं पुरायची जागा. महिपतचा पहिला मुलगा, सहदेव, तिथेच आहे. दोन वर्षांचा होता, असाच जुलाबानं गेला. त्यानंतर महिपतनं त्या बाजूला कधी मान वळवली नव्हती.

नेमकी तिथेच रिक्षा बंद पडली.

स्टार्टर मारला. नाही. परत मारला. नाही.

"बाबा..." मागून दर्शना म्हणाली. "पोर गार पडली वो."

"छातीशी धर. पदरात घे."

"धरलंय... पन कोनतरी वडतंय."

"कोन?"

...

"पायाला धरून वडतंय, बाबा. भायेरून."

महिपतनं टॉर्च मारली. रस्ता रिकामा. वारा नव्हता. तरी कातळावरचं गवत हलत होतं... हलत रिक्षापर्यंत आलं. थांबलं.

मग अगदी जवळ, कुणीतरी ओठ चाटले. सुके ओठ.

तो आवाज महिपतच्या ओळखीचा होता. सहदेव शेवटच्या रात्री असाच ओठ चाटत होता. त्यालाही पाणी द्यायचं नाही, असं ठरलं होतं. ठरवलं कुणी? महिपतनंच.

"पाज तिला!" तो ओरडला. "बाटली घे... थेंब थेंब... पाज गो!"

दर्शनानं बाटलीतल्या पाण्यानं बोट भिजवून पोरीच्या ओठांना लावलं. एकदा. दोनदा. जीभ हलली.

ओढ सुटली. रिक्षा एका दमात चालू झाली.

रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आजोबा, हे बाळसं नाही. उपासमारीची सूज आहे. अशा पोराला जुलाब लागले की एका रात्रीत जातं. साखर उतरलीय, अंग गार पडलंय. जगेल असं मी आत्ता सांगत नाही."

दर्शना रात्रभर पोरीला उघड्या छातीशी धरून चमच्यानं साखरेचं पाणी पाजत बसली. महिपत बाहेर भिंतीला टेकून रडला. पहाटे पोरीनं डोळे उघडले.

मग डॉक्टरीणबाईंनी महिपतला आत बोलावलं आणि पोरीच्या डाव्या पावलावर अंगठा दाबून दाखवला. पिठात दाबावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. "सूज म्हणजे ही अशी," त्या म्हणाल्या आणि उजव्या पायावरचं फडकं त्यांनी बाजूला केलं.

थांबल्या.

"हिला कुठल्या लहान मुलानं धरलं होतं का?"

घोट्याभोवती आधीच खड्डे होते. एवढे एवढे... बारक्या बोटांचे. बाईंनी मोजले. परत मोजले.

सहा.

सहदेवच्या उजव्या हाताला सहा बोटं होती.