चार नंबरचा धक्का

चार नंबरच्या धक्क्यावर, उभ्या ट्रकमागे सील तपासत असताना गोदामाचा सुपरवायझर चिरडला गेला. ट्रक अचानक मागे आला आणि धक्क्याच्या सिमेंटवर त्याच्या छातीचा चेंदामेंदा झाला. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

हमालांनी त्या ट्रकच्या ड्रायव्हरला विश्रांतीच्या खोलीतून फरफटत बाहेर आणलं आणि फौजदार पोचेपर्यंत मनसोक्त तुडवलं. दोन दात पडले होते.

"साहेब, मी झोपलो होतो," तो रक्त थुंकत म्हणाला. "पहाटे चारला गाडी धक्क्याला लावली, तेव्हापासून माल उतरायच्या नंबराची वाट बघतोय. किल्ली आल्या आल्या खिडकीवर दिली."

माल उतरेपर्यंत किल्ली खिडकीवरच्या कारकुनाकडे ठेवायची, असा इथला नियमच होता.

"किल्ली कुठंय?" फौजदारांनी कारकुनाला विचारलं.

"साडेअकराला त्यानंच नेली. शिव्या देतच गेला. इतके तास ताटकळल्यावर डोकं फिरतंच, साहेब."

"कपाट उघडा."

कारकुनाने गळ्यातल्या चावीने कपाट उघडलं. खुंट्यांवर सात किल्ल्या होत्या. फौजदारांनी अंगणातले ट्रक मोजले, चार नंबरच्या धक्क्यावरच्या ट्रकच्या केबिनमध्ये चढून गाडी चालवण्याच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंद ठेवणारं यंत्र पाहिलं, आणि सगळ्यांना खिडकीपाशी बोलावलं.

"आठ तास सलग विश्रांती झाल्याशिवाय याला गाडी चालवता येत नाही. विश्रांती सुरू झाली चारला, ट्रक हलला अकरा चाळीसला. वीस मिनिटं उरली होती. गाडी जरा हलली, की आठ तास पुन्हा पहिल्यापासून. घरची ओढ लागलेला ड्रायव्हर एखाद्याचं डोकं फोडेल, पण गाडी हलवणार नाही."

"मग कोणी हलवली?" एका हमालाने विचारलं.

"अंगणात हा धरून ट्रक सात, कपाटात किल्ल्या सात. याने नेलेली किल्ली परत आली कशी? कपाटाची चावी एकाच्याच गळ्यात आहे. माणूस मारला आणि रोजच्या सवयीनं किल्ली खुंटीला अडकवली."

कारकुनाने आढेवेढे घेतले नाहीत.

"माझा धाकटा भाऊ ट्रकवर होता. या सुपरवायझरनं त्याला चौदा तास रांगेत ठेवलं. डोळा लागला की उठवायचा, गाडी पुढे घ्यायला लावायचा. शेवटी तसाच हाकलला. पोरगा ट्रकसकट पुलावरून कोसळून मेला. याला मारल्याचं मला दुःख नाही."

फौजदारांना त्याची कीव आली, पण रागही आला. "आणि या निरपराध माणसाला फासावर चढवत होतास, त्याचं?"



ड्रायव्हरने बाहीने तोंड पुसलं. "त्या दिवशी मी तुझ्या भावाच्याच ट्रकमागं होतो," तो म्हणाला. "पुलाखाली उतरून त्याला मीच वर आणला. खांद्यावरून."

कारकुनाने त्याच्याकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.